ग्लोव्हज घातलेल्या माणसाला नारळ देऊ नये

मुष्टियुद्धातला विजेता रिंगणात ठरतो. पण लोकांच्या हृदयावर राज्य करणारा वीर मात्र नियती निवडते. हे वाक्य मी यवतमाळ जिल्ह्यातल्या बहुतेक सगळ्या मैदानांवर, उजवा हात वर करून, खणखणीत आवाजात म्हटलेलं आहे. 'नियती' या शब्दापाशी मी जरा थांबत असे. तिथे टाळ्या येतात. पुढे नियतीला जवळून पाहण्याचा योग आला. तिचं नाव मंगेशमामा. ती दारव्ह्याला राहते, पान खाते आणि कार्यक्रमाच्या आधी मांडवामागे उकिडवी बसून कोयत्याच्या पाठीने नारळ ठोकते.

मी निवेदक. दारव्ह्यात मला 'माइकवाले सर' म्हणतात. सर मी कधीच नव्हतो, पण ज्याच्या हातात माइक असतो त्याला आपल्याकडे काहीतरी म्हणावंच लागतं. कबड्डी, बैलांच्या शर्यतींचा शंकरपट, सामुदायिक विवाह, शेतकरी मेळावे, आणि शेवटची काही वर्षं मुष्टियुद्ध, म्हणजे आपलं बॉक्सिंग, एवढ्यांवर माझं घर चाललं. आता डॉक्टरांनी बोलणं कमी करायला सांगितलं आहे, म्हणून लिहितो आहे.

बाहेरच्यांना वाटतं, मैदानात काय चाललंय ते सांगणं हे निवेदकाचं काम. ते कुणीही सांगेल. निवेदकाचं खरं काम असतं मैदानात काहीच चाललेलं नसताना बोलत राहणं. प्रमुख पाहुणे दिग्रसला जेवत असतात आणि 'निघालेच आहेत' असा फोन येतो. त्या जेवणापासून त्यांच्या आगमनापर्यंतचा काळ आम्ही भरतो. थोर पुरुष, पाऊसपाणी, सोयाबीनचा भाव, पांढऱ्या रंगाची गाडी दारातून काढण्याची विनंती, हरवलेलं लेकरू. लेकरू सापडलं तरी लगेच जाहीर करायचं नाही, पाहुणे येईपर्यंत पुरवायचं. बॉक्सिंगची लढत म्हणजे तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये मिनिटभर विश्रांती. चहा निवायच्या आत खेळ खलास. त्याआधीचे सत्कार मात्र जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालतात. बॉक्सिंग हा आपल्याकडे सत्कारांच्या मधल्या वेळेत खेळला जाणारा खेळ आहे.

आणि त्यात एक मोठी अडचण आहे. कुस्तीत माणूस चीत होतो. पाठ मातीला लागलेली शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही दिसते. बॉक्सिंगमध्ये दोघंही उभेच असतात, पंच गुण मोजतात, आणि अचानक एकाचा हात वर केला जातो. आमचा प्रेक्षक बुचकळ्यात पडतो. एकदा पुढच्या रांगेतून एक आजोबा उठले आणि मला म्हणाले, "माइकवाले, हा जिंकला म्हन्ता. तो पडला कुठं?"

"आजोबा, हा गुणांवर जिंकला."

"गुण त्या दुसऱ्याचेच चांगले दिसून राह्यले बाप्पा. मार खाऊन बी हासते."

या एका वाक्यात मला माझ्या धंद्यातलं शास्त्र मिळालं. विजेता लोकांना समजावून सांगावा लागतो. स्टार कोण ते लोकच आपल्याला सांगतात.

मार खाऊन हसणारा तो म्हणजे बंटी.

बंटी दारव्ह्याचा. बापाची स्टँडवर आलुबोंड्याची गाडी. उंचपुरा, गोरागोमटा, दात पांढरे, आणि ठोसा असा की समोरच्याला झोप यावी; बेशुद्धीची नाही, साधी दुपारची. त्याला शिकवायचे रामटेके सर. हे मात्र खरे सर, शाळेतून निवृत्त झालेले पीटी शिक्षक. बंद पडलेल्या एका जिनिंगच्या शेडमध्ये त्यांनी चार दोऱ्या बांधून रिंगण उभं केलं होतं. जिथे कधी कापसाच्या गाठी रचत तिथे आता पोरं एकमेकांना रचत होती. सर मोजकं बोलत. बंटीबद्दल त्यांचं मत एका वाक्याचं होतं: "पोट्टा चांगला हाय, फक्त हे बॉक्सिंग सोडलं पाह्यजे."

ही झाली नारळाच्या आधीची गोष्ट.

नारळ असा आला. जिल्ह्याची स्पर्धा होती. एका पुढाऱ्यांच्या मनात आलं की स्थानिक खेळाडूचा सत्कार आपल्या हस्ते व्हावा, आणि तो लढतीआधीच व्हावा, कारण लढतीनंतर त्यांना लग्नाला जायचं होतं. बंटी रिंगणात तयार उभा. आता ग्लोव्हज एकदा बांधून वर पट्टी चिकटवली की लढत संपेपर्यंत काढता येत नाहीत. तसा नियमच आहे. मी पुढाऱ्यांच्या माणसाला हळूच सांगितलं, "याला हार घाला, नारळ देऊ नका. त्याला बोटं नाहीत."

"बोटं नाहीत? मग तर नक्कीच सत्कार करू."

शाल घातली, हार घातला, आणि नारळ दिला. बंटीने तो दोन ग्लोव्हजच्या मध्ये, गरम पातेलं चिमट्याशिवाय धरावं तसा धरला. नारळ निसटला. आणि आयुष्यात पहिल्यांदाच बंटीचा हात वेळेवर उठला. खाली पडणाऱ्या नारळाला त्याने खालून असा ठोसा हाणला की नारळ उडाला आणि कोपऱ्यातल्या लोखंडी खांबावर फुटला. खांबाला एरवी गादी असते. ती आदल्या दिवशी कुणीतरी मोटरसायकलच्या सीटवर टाकायला नेली होती. नारळाचं पाणी पुढाऱ्यांच्या जाकिटावर गेलं, अर्धी वाटी पंचांच्या टेबलावर पडली, आणि मैदानाने जी आरोळी ठोकली ती मी पुन्हा फक्त एकदाच ऐकली. ती पुढे येईल.

त्यानंतर बंटी लढला आणि पहिल्याच फेरीत हरला. त्याला कोणी हरवलं, हे मला आज आठवत नाही. तिथे हजर असलेल्या कुणालाही आठवत नाही. त्या बिचाऱ्याने स्वतःहून सांगितलं तरी लोक विचारतात, "तू तिथं होता का बे? नारळ पाह्यला का?"

दुसऱ्या दिवशी त्या नारळाची चित्रफीत प्रत्येकाच्या मोबाइलवर होती, आणि बंटीच्या आईचा धाकटा भाऊ मंगेशमामा मॅनेजर झाला.

मामाने त्याआधी बोअरवेलची दलाली, कूलर भाड्याने देणं आणि एका बाबांचा प्रचार असे उद्योग केले होते. त्याची बुद्धी स्वच्छ होती. आपल्याकडे उद्घाटन म्हणजे नारळ फोडणं. भाचा नारळ फोडतो. मग भाच्याने उद्घाटनं का करू नयेत? तेव्हापासून दारव्हा, दिग्रस, आर्णी, थेट ढाणकीपर्यंत जे जे उघडलं ते बंटीच्या मुक्क्याने उघडलं. मोबाइलचं दुकान, कृषी केंद्र, ब्युटी पार्लर, स्पर्धा परीक्षेचा क्लास. मामा दोन्ही हातांत नारळ धरून उभा राही, मी मोठ्याने 'एक, दोन, तीन' म्हणे, बंटी हाणे, नारळ दुभंगे. नारळ मामाने आधीच मांडवामागे नेऊन कोयत्याच्या पाठीने असा चौफेर ठोकलेला असे की तो फक्त शिष्टाचार म्हणून एकसंध राहिलेला असे. वरून शेंड्या जशाच्या तशा. मला हे माहीत होतं. मी 'एक, दोन, तीन' म्हणत होतो, शपथ घेत नव्हतो.

ढाणकीच्या सलूनच्या उद्घाटनाला एक बाई मिक्सर घेऊन आल्या. "बंटीभाऊ, एक हलकासा मारा. दोन दिवसापासून बंद हाय."

बंटीने मारला. मिक्सर सुरू झाला. त्या दिवसापासून माझा तर्कशास्त्रावरचा विश्वास जरा ढिला आहे.

बाजारात भाजीवाल्या म्हाताऱ्या त्याला फुकट सांभार देऊ लागल्या. आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात, आणि तो फुकट मिळणं ही प्रसिद्धीची शेवटची पायरी आहे. आमदारालाही मागावा लागतो. यातल्या एकीनेही बंटीची एक लढत पाहिली नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, "लढाई कायले पाहू? त्याले मारलेलं मले पाहवन का?"

आता करुणाबद्दल सांगतो. ती पांढरकवड्याची. बाप हैदराबादच्या रस्त्यावर ट्रक चालवायचा, म्हणून पोरगी दारव्ह्याला आत्याकडे राहायची आणि सरांच्या शेडमध्ये यायची. लहानखुरी, अबोल. समोरची कुठे हलणार हे समोरचीच्या आधी तिला कळे. सरांनी आयुष्यभर जे शिकवलं ते सगळं एकदाचं कुठेतरी उतरलं होतं, आणि ते इथे उतरलं होतं. ती जिल्ह्यात जिंकायची, विभागात जिंकायची, आणि एसटीने परत येऊन आत्याच्या घरचं पाणी भरायची. स्टँडवर तिला कुणी ओळखत नसे. मी तिला प्रसिद्ध करायचा परोपरीने प्रयत्न केला. एकदा तिची ओळख करून देताना 'पांढरकवड्याची वाघीण' म्हटलं. लढत जिंकून ती सरळ माझ्याकडे आली.

"काका, ते नाव नका घेऊ."

"काहून गं? चांगलं तर आहे."

"आमच्याकडे खरी वाघीण हाय. तिचं नाव काढलं का लोकं घरात जाऊन कडी लावते. मॅच पाह्यले कोण येईन?"

या धंद्यात मला गप्प बसवणारी ती एकटी.

तर आता संकट. शेड भाऊसाहेबांची होती. भाऊसाहेब म्हणजे जुने जिनिंगवाले. दोन बोटांत तीन अंगठ्या, आणि गावातल्या प्रत्येक कार्यक्रमात पहिली खुर्ची. शेड त्यांनी सरांना तोंडी दिली होती. पण आता त्यांच्या मुलाने शेडचं मंगल कार्यालय करायचं काढलं. भाऊसाहेबांनी सरांना बोलावून घेतलं. मीही सोबत होतो.

"रामटेके सर, तुमचं हे बॉक्सिंग पाह्यले येतं कोण?"

"शिकणारे येतात."

"शिकणारे सोडा जी. लोकं येते का? लग्नाले लोकं येते. मोकळ्या जागेत लोकं जमले पाह्यजे, नाही तं मग जागा कायले? एक काम करा, आंगणात स्पर्धा ठेवा, मले बोलवा. आंगण भरलं तं शेड तुमची. नाही भरलं तं दिवाळीनंतर मी मांडववाल्याले बोलावतो."

सर बाहेर आले आणि बराच वेळ चप्पल शोधत राहिले. चप्पल पायातच होती. करुणाची राज्याची स्पर्धा तोंडावर होती. सरावाला दुसरं रिंगण यवतमाळलाच, आणि तिथे रोज जायचं म्हणजे तिने पाणी भरायचं कधी, शाळा करायची कधी आणि ठोसे मारायचे कधी?

मी म्हटलं, "सर, अंगण भरायचं असेल तर एकच माणूस आहे."

सरांनी डोळे मिटले. "नारळ?"

"नारळ."

"माझ्या शेडमध्ये बॉक्सिंग वाचवायले नारळ फोडायचा?"

"तुम्ही फोडू नका. तुम्ही तिकडे पाहू नका. तो फुटेल."

मग फ्लेक्स लागले. 'ज्यांच्या मुक्क्याने नारळ थरथरतो ते बंटीभाऊ' असा मजकूर मामाने दिला. बंटीच्या फोटोखाली, डाव्या कोपऱ्यात, पासपोर्टएवढी करुणा होती. फ्लेक्सवाल्याकडे तिचा फोटो आधार कार्डावरचा, म्हणून ती स्पर्धेतली खेळाडू कमी आणि बेपत्ता व्यक्ती जास्त वाटत होती.

स्पर्धेच्या दिवशी सकाळपासून जीपा भरभरून लोक आले. अंगण भरलं, भिंतीवर पोट्टे बसले, कडुनिंबावर बसले. भाऊसाहेब पहिल्या खुर्चीवरून मागे वळून वळून गर्दी पाहत होते. सर शेडच्या दारात उभे होते, चेहरा लग्नात मुलगी देणाऱ्या बापासारखा. करुणा तांबड्या कोपऱ्यात, ग्लोव्हज बांधून तयार. उद्घाटनानंतर पहिली लढत तिचीच होती, यवतमाळच्या एका तगड्या मुलीशी. कार्यक्रम असा: आधी भाऊसाहेबांचा सत्कार, मग बंटीचा नारळ, मग बॉक्सिंग. सत्कारही अंगणात उभारलेल्या उंच रिंगणातच, कारण दुसरं व्यासपीठ नव्हतं.

मी नियतीबद्दलचं माझं वाक्य नुकतंच टाकलं होतं. तेवढ्यात मामा रिंगणाच्या खालून माझा पायजमा ओढू लागला.

"सर, घोळ झाला."

मी माइक बाजूला केला. "काय झालं?"

"मी आपल्या ठोकलेल्या नारळाले खूण म्हणून कुंकू लावलंतं. ताटात ठेवला आन पान आणाले गेलतो. तं त्या आत्याबाईनं सगळ्याच नारळाइले कुंकू लावून टाकलं!"

सत्काराचं ताट करुणाच्या आत्याबाईंकडे होतं. त्यांनी पाहिलं, एकाच नारळाला कुंकू आहे आणि बाकीचे बोडके. अशुभ दिसतं म्हणून त्यांनी सगळ्यांना लावलं. यात त्यांचं काय चुकलं? सत्काराच्या नारळाला कुंकू असतंच. आपल्या प्रदेशात गुप्त खूण म्हणून कुंकू निवडणं म्हणजे लग्नात नवरा ओळखू यावा म्हणून त्याला टोपी घालण्यासारखं आहे.

"वाजवून पाहा ना," मी म्हटलं.

"कसा वाजवू? ताट वर गेलं!"

ताट वर गेलंच होतं. आणि आत्याबाईंच्या हिशेबाने, ज्या नारळाला आधीपासून कुंकू होतं तो कुणीतरी मानाचा म्हणून वेगळा काढलेला होता. तो त्यांनी सगळ्यांत वर ठेवला होता. मानाचा नारळ मानाच्या माणसाला.

सरांनी भाऊसाहेबांना शाल घातली. नारळ दिला. भाऊसाहेब जुन्या वळणाचे. नारळ घेऊन ते नुसते उभे राहणारे नव्हेत. त्यांनी डोळे मिटले, नारळ दोन्ही हातांनी वर उचलला आणि भक्तिभावाने, थोडा जोरातच, कपाळाला लावला.

नारळ फुटला.

तो अगदी मधोमध फुटला. मामाचं काम चोख असे. पाणी कपाळावरून भुवयांवर, भुवयांवरून मिशांवर आणि मिशांवरून नव्या शालीवर आलं. एक वाटी डाव्या हातात, एक उजव्या. अंगणात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, पण टाचणीचंही धाडस झालं नाही. सरांनी शेडकडे असं पाहिलं की जणू तिथे आत्ताच अक्षता पडतायत. भाऊसाहेबांनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग खालून वर लाल व्हायला लागला.

मी म्हटलं ना, निवेदकाचं काम जे घडलं ते सांगणं नव्हे. लाली हनुवटीपासून गालापर्यंत चढली तेवढ्या वेळात मी माइक तोंडाशी नेला.

"आणि रसिकहो! माननीय भाऊसाहेबांनी... आपल्या कपाळाने... नारळ फोडून... स्पर्धेचं उद्घाटन केलेलं आहे!"

हीच ती दुसरी आरोळी. कडुनिंबावरून एक पोट्टा खाली पडला आणि पडूनही टाळ्या वाजवत होता. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. मागून कुणीतरी ओरडलं, "हाताची गरजच नाही पडली बाप्पा!" भाऊसाहेबांची लाली गालावरच थबकली. त्यांनी डाव्या वाटीकडे पाहिलं, उजव्या वाटीकडे पाहिलं, मग लोकांकडे पाहिलं. आपली फजिती कुणी पराक्रम म्हणून जाहीर केली तर ती नाकारायला फार मोठं मन लागतं. भाऊसाहेबांचं मन तेवढं मोठं नव्हतं. त्यांनी दोन्ही वाट्या उंचावून दाखवल्या.

मी घाम पुसला. पण दुसरा नारळ अजून शिल्लक होता.

तो बंटीच्या हातात होता. बंटीने ग्लोव्हज घातले नव्हते, त्याची लढतच नव्हती. त्याने नारळ कानाशी नेऊन हलवला आणि बोटाने टिचकी मारली. नारळ अखंड होता, दगडासारखा. मामा खालून मान हलवत होता: नको, नको. सारं अंगण 'बंटी, बंटी' करत होतं. आता मला कळलं की बंटी स्टार का आहे. तो मुठीने कच्चा असेल, पण लोक कुठे पाहतायत हे त्याला बरोबर दिसायचं. त्याने नारळ भाऊसाहेबांच्या पायाशी ठेवला, वाकून नमस्कार केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "भाऊसाहेब, तुमच्यापुढं मी कोन? हा बी तुमीच फोडा!"

अंगणाने एका क्षणात पक्ष बदलला. "भाऊसाहेब! भाऊसाहेब!"

आणि भाऊसाहेबांनी नारळ उचलला.

मी माइकवरून म्हटलं, "भाऊसाहेबांनी विश्रांती घ्यावी ही विनंती." कुणी ऐकलं नाही. "पांढऱ्या रंगाची गाडी दारातून काढावी." त्यालाही कुणी भीक घातली नाही. भाऊसाहेबांचा आता स्वतःवर पूर्ण विश्वास बसला होता. पहिला नारळ तर सहज, देवाला नमस्कार करताना फुटला होता. मनावर घेतल्यावर काय होईल? त्यांनी दोन्ही हातांनी नारळ समोर धरला, पाय फाकवले आणि मान मागे नेली. चांगली फूटभर मागे. मामाने डोळ्यांवर हात घेतला. मला पुढचं सगळं दिसलं: रुग्णवाहिका, मुलगा, मंगल कार्यालय.

मान पुढे सुटली, आणि त्याच क्षणी तांबड्या कोपऱ्यातून करुणा आली. ती कशी आली ते मी पाहिलं नाही, फक्त पोचलेली पाहिली. डावा पाय पुढे, डावा हात सरळ. ग्लोव्ह नारळाला लागला, भाऊसाहेबांच्या बोटांना स्पर्शसुद्धा न करता. नारळ त्यांच्या हातांतून निघून गेला, आणि त्यांचं कपाळ मोकळ्या हवेवर आदळून परत आलं. इतका नेमका ठोसा मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. त्याला एकही गुण नव्हता.

नारळ उडून बंटीच्या पायाच्या अंगठ्यावर पडला. तेव्हाही तो फुटला नाही. अंगठ्याबद्दल तसं म्हणता येणार नाही.

"मायऽ वं!" बंटी म्हणाला, आणि लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या.

भाऊसाहेब रिकाम्या हातांकडे पाहत होते. "हे पोट्टी कोन हाय? काहून मारलं हिनं?"

मी माइक तोंडाशी नेईपर्यंत करुणाच बोलली. ग्लोव्हज जोडून तिने नमस्कार केल्यासारखं केलं. "भाऊसाहेब, उद्घाटन एकदाच असते. तुमचं झालं. आता आमची मॅच हाय."

घंटेपाशी बसलेल्या पंचांनी तेवढ्यात घंटा वाजवली. भाऊसाहेबांना ते आपल्यासाठीच वाटलं. ते हात हलवत खाली उतरले.

करुणाची लढत झाली. ती तिन्ही फेऱ्या जिंकली. मी, सर, पंच आणि ती यवतमाळची मुलगी, एवढ्यांनी ती पाहिली. बाकी अंगण भाऊसाहेबांबरोबर फोटो काढत होतं. पोट्टे त्यांच्या कपाळाला हात लावून पाहत होते. एका बाईने मुलाचं डोकं त्यांच्या डोक्याला टेकवून घेतलं, गणितासाठी.

शेवटी भाऊसाहेबांनी माझ्या हातातून माइक घेतला. माझ्या अनुभवात असा घेतलेला माइक सहसा परत मिळत नाही, पण ते थोडक्यात बोलले. शाल अजून ओली होती. "लोकं मले म्हन्ते, शेडमध्ये मंगल कार्यालय करा. मी तुमाले सांगतो, शेड खेळाचीच राहीन. कारण..." इथे ते थांबले, बरोबर मी 'नियती'पाशी थांबायचो तसे. "कारण खेळाडूचं दुःख खेळाडूलेच समजते."

सर शेडमध्ये गेले. मग वाळूच्या पोत्यावर कुणीतरी एक ठोसा मारल्याचा आवाज आला. फक्त एक.

पुढचं थोडक्यात सांगतो. मंगेशमामा आता भाऊसाहेबांचा मॅनेजर आहे. नारळ तोच ठोकतो, आणि खूण म्हणून आता शेंडीला दोरा बांधतो. भाऊसाहेबांना त्यातलं काही माहीत नाही. हे लिखाण त्यांच्यापर्यंत पोचू नये, पण ते वाचत नसल्यामुळे मी निर्धास्त आहे. बंटीच्या पायाला प्लास्टर घातलं, त्यावर सगळ्या बाजाराने सह्या केल्या, आणि तसाच जाऊन त्याने हाडांच्या एका दवाखान्याचं उद्घाटन केलं. तो आता लढत नाही. त्यामुळे त्याची लोकप्रियता आणि तब्येत दोन्ही वाढल्या आहेत.

करुणाने राज्यातून सुवर्णपदक आणलं. अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. मध्ये कपाळाला नारळ लावलेले भाऊसाहेब, बाजूला प्लास्टरमधला बंटी, आणि करुणाचं नाव खाली 'सौजन्य' या शब्दासमोर. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं माइक हाती असून मी एका चांगल्या बॉक्सरला गावात ओळख मिळवून देऊ शकलो नाही, आणि एका वाक्यात एका जिनिंगवाल्याला बॉक्सर केलं. मी तिला तसं बोलून दाखवलं.

ती म्हणाली, "बरंच हाय ना काका. समोरच्या पोट्टीले माहीतच नसते मी कोन ते."

लोक मला अजून विचारतात, त्या दिवशी तो दुसरा नारळ कपाळावर बसला असता तर काय झालं असतं? भाऊसाहेबांचं, शेडचं, करुणाच्या पदकाचं, एकूणच या जिल्ह्यातल्या मुष्टियुद्धाचं भवितव्य त्या एका नारळात बंद होतं, असं मी एका समारंभात म्हटलंही होतं, आणि 'भवितव्य' या शब्दावर टाळ्या आल्या होत्या.

तो नारळ आत्याबाईंनी घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी चटणीसाठी फोडला. खवट निघाला.